टॉवेल अंथरून बसणारी माणसं

...आणि वर मलाच विचारतात, "झ्वाने, चर्चच्या दारात तू कशाला उभा असतोस रे, जकातनाक्यावरच्या शिपायासारखा?" आता कशाला उभा असतो? हौस आहे का मला? ऑगस्ट महिना, दगड तापून लाल, आणि मी आपला लांब पँट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून, हातात शालींची टोपली घेऊन उभा. आणि समोरून येतंय कोण? तर एक ओली चड्डी. तुम्हाला सांगतो, माणूस नंतर दिसतो, आधी चड्डीच दिसते. खाली पाणी ठिबकतंय, एका हातात आइस्क्रीम, काखेत हवा भरलेली मगर... आणि हा इसम मला म्हणतो, "काही नाही हो, आतला गारवा बघायचाय फक्त." मी म्हणतो, "साहेब, आधी पाटी वाचा." आमच्या पाटीवर चड्डीचं चित्र आहे आणि त्यावर लाल फुली मारलीय. तो चित्राकडे बघतो, मग स्वतःकडे बघतो, परत चित्राकडे बघतो, आणि म्हणतो, "पण माझी निळी आहे." आता बोला. अशा माणसाच्या खांद्यावर शाल टाकून टाकून तरी किती टाकणार? आणि खाली काय टाकणार?

पण काय करणार, आपण पडलो कापडवाले.

हा शब्द माझा नाही हं. हा कॅम्पवाल्यांचा. आमच्या व्हालमोरा गावाच्या खाली, पाइनच्या झाडीत, अगदी समुद्राला लागून तो कॅम्प आहे, नागड्यांचा. उन्हाळ्याचे तीन महिने ती माणसं अंगावर सुताचा धागा न घालता राहतात, तशीच भाजी आणतात, तशीच पत्ते खेळतात, आणि उरलेल्या सगळ्या जगाला म्हणतात, कापडवाले. रागानं नाही म्हणत. आपण एखाद्याबद्दल 'बिचारा, त्याला पोटाचा त्रास आहे' म्हणतो ना, तेवढ्याच मायेनं म्हणतात. मी बावीस वर्षं त्या कॅम्पचे नळ दुरुस्त करतोय, आणि रविवारी इथे चर्च सांभाळतोय, त्यामुळे दोन्हीकडची माणसं मी जवळून पाहिलीत. कॅम्पवाली तर जरा जास्तच.

लोक विचारतात, पहिल्या दिवशी लाज नाही का वाटली? वाटली की. माझी मला. चारशे माणसं आरामात फिरतायत आणि त्यांच्यात मी एकटा पँट घालून, कमरेला पाने-पक्कड लटकवून चाललोय! सगळे मागे वळून वळून माझ्याकडे बघतायत, की या माणसाला झालंय तरी काय. एका बाईनं तर काळजीनं विचारलं, "भाजलंय का कुठे?"

ती बाई म्हणजेच वाल्बुर्गाबाई. ग्राझ शहराची. वय शहात्तर. आयुष्यभर ट्राम चालवली हो तिनं, गणवेशात, इथवर बटणं, डोक्यावर टोपी, आणि निवृत्त झाली त्या दिवशी गणवेश धुतला, इस्त्री केला, घडी घालून परत दिला आणि सरळ आमच्या किनाऱ्यावर आली. मी तिच्या तंबूशेजारच्या बेसिनखाली आडवा पडून नळ आवळतोय, शर्ट वर सरकलाय, आणि ती खुर्चीवर टॉवेल अंथरून बसलीय. कारण त्यांचा एकच कायदा, बसायचं तिथे आधी टॉवेल. खुर्ची असो, दगड असो, दुसऱ्याची बोट असो. बाकी सगळं चालेल, पण टॉवेल विसरलात तर तोंड लपवायला जागा नाही. तर ती मला विचारते, "झ्वाने, तुमच्या पोटावर ती लाल रेघ कसली?" मी म्हटलं, "इलॅस्टिकची." "किती वर्षं आहे?" म्हटलं, "लहानपणापासून असेल." म्हणाली, "अरेरे. आणि गुन्हा काय केला होतात?"

मी तिथल्या तिथे नळ आणखी घट्ट आवळला. अजून तो उघडत नाही.

अहो, त्यांचं प्रत्येक गोष्टीचं गणित सरळ असतं. पोहायच्या कपड्यांचा विषय काढा, वाल्बुर्गाबाई म्हणणार, "ओलं फडकं वाळत घालायला दोरी असते. ते अंगावर वाळवायचं, हे कुठलं शहाणपण?" मी बावीस वर्षं विचार करतोय, मला अजून उत्तर सापडलेलं नाही. आणि हट्टी नाहीत हं ती माणसं. सार्डिन मासे तळायला बसले की एप्रन! तत्त्व आपल्या जागी, तेल आपल्या जागी. उत्तरेचा गार वारा सुटला की स्वेटर. फक्त वरती. खाली वारा लागत नाही म्हणे. आणि आपण? आपण बाहेर चाळीस डिग्री असलं तरी मोजे घालून बसतो आणि पाय का सुजले म्हणून डॉक्टरकडे जातो, कारण आपण पडलो कापडवाले.

आता मुख्य गोष्ट ऐका. रविवार उजाडला. दहाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची मोठी प्रार्थना. मी दारात टोपली घेऊन उभा. आणि कॅम्पकडून चढावरून येतात कोण? अकरा माणसं. पुरुषांना कोट, टाय, बूट असे की त्यात तोंड बघून भांग पाडावा. बायकांना पायघोळ झगे, लांब मोजे, हातमोजे, टोपी. ऑगस्टमध्ये! आणि पुढे वाल्बुर्गाबाई, गडद निळा झगा, जाळीची कॉलर, गळ्याशी तिच्या आईची पिन. मी टोपली मागे लपवली हो. त्या माणसांसमोर माझाच शर्ट मला चुरगळलेला वाटायला लागला.

शेवटी एकदा विचारलंच. म्हटलं, "वाल्बुर्गाबाई, आठवडाभर काही नाही, आणि आज एवढं?" तर ती म्हणाली, "आठवडाभर घातलं असतं, तर आज काय घातलं असतं?"

ती पुढे म्हणाली, "कपडा कुणासाठी तरी घालायचा असतो, झ्वाने. स्वतःला झाकायला कशाला? माझ्यात झाकण्यासारखं आता आहे काय, जुनं चामडं. पण देवाकडे जायचं, लग्नाला जायचं, मयताला जायचं, तर समोरच्याला कळायला नको का, की बाईनं आपल्यासाठी तयारी केलीय?" हे ती बोलत होती आणि त्याच वेळी दारातून ती मगरवाली चड्डी आत घुसायला बघत होती. तुम्हाला सांगतो, त्या दिवसापासून मी मनातून त्या माणसांचा झालो. बाहेरून काही होता येत नाही, फुमित्सा, म्हणजे माझी बायको, घरात घेणार नाही.

पण सवय ही सवयच असते बघा. त्या पहिल्याच रविवारी ही एवढी नटूनथटून आलेली माणसं बाकापाशी गेली, पर्स उघडल्या, पिशव्या उघडल्या, घडी घातलेले टॉवेल काढले, बाकावर व्यवस्थित अंथरले आणि मग त्यावर बसली. कोटासकट! अंगावर तीन थर कपडे, आणि खाली टॉवेल! अख्खं चर्च वळून बघतंय. फुमित्सा माझ्या कानात, "झ्वाने, आपली बाकं काय घाण असतात का रे?" मिस्सा झाल्यावर मी वाल्बुर्गाबाईला हळूच सांगितलं. आणि जी बाई चारशे माणसांत उघडी बसून भरतकाम करते ती कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली हो. म्हणाली, "अगं बाई, मला कळलंच नाही. हात आपोआप जातो." पुढच्या रविवारी टॉवेल आणायचा नाही असं ठरवून आली, आणि दीड तास उभी राहिली. बसताच येईना तिला! तिसऱ्या रविवारी परत टॉवेल, पण पांढरे शुभ्र, खास चर्चसाठी, कडेला लेस लावलेले. त्यावर कुणाची काय हरकत असणार?

बार्बा नाद्योची होती. बार्बा म्हणजे काका, आणि हा सबंध गावाचाच काका, चर्चच्या पंचांचा म्होरक्या, सणाला मलईच्या रंगाचा लिननचा सूट घालणारा. दर वसंतात तो कॅम्पविरुद्ध एक तक्रार लिहितो. "माझ्या ऑलिव्हच्या बागेतून सगळं दिसतं" म्हणतो. दिसतं, हे खरं आहे. झाडावर चढलं तर दिसतं. मी एकदा म्हटलं, "बार्बा, आपले संत रोक बघा, पुतळ्यात झगा मांडीपर्यंत वर करून जखम दाखवतायत. आपल्या पाटीप्रमाणे त्यांनाही आत घेता येणार नाही." तर म्हणाला, "संतांचं वेगळं आहे. आणि तू घंटेकडे लक्ष दे."

हा टोमणा मला होता. कारण ईस्टरला उन्हाळी वेळ सुरू होते म्हणून घड्याळं तासभर पुढे करायची, मी चुकून मागे केली, आणि पहाटेच्या मिस्सेला सबंध गाव फादर लिबेरोंसकट दारात ताटकळत, आणि किल्ल्या उशाशी घेऊन मी झोपलेला. त्या किल्ल्या, सांगतो तुम्हाला, आजोबांच्या हातातून माझ्या वडिलांकडे आल्या, वडिलांनी मरताना माझ्या मुठीत दिल्या. घरात माझ्या नावावर दुसरं काही नाही आणि मला नकोही होतं. आणि बार्बा नाद्योला त्या किल्ल्या त्याच्या पुतण्याला, सिल्व्हानोला, द्यायच्या होत्या. फादर लिबेरो भले माणूस, पण त्यांनीही मला बोलावून सांगितलं, "झ्वाने, संत रोकचा सण नीट पार पडला तर ठीक. आता एक जरी चूक झाली तर माझ्यानं पंचांना थोपवता येणार नाही."

मग मी काय केलं? शहाण्या माणसानं काय केलं असतं? काहीही केलं नसतं! घंटा वाजवली असती, मेणबत्त्या लावल्या असत्या आणि घरी जेवायला गेला असता. पण मला दाखवून द्यायचं होतं ना. मी चर्चची अठ्ठावीस बाकं व्हार्निश केली. कशानं? फुमित्साच्या भावाकडे बोटीचं व्हार्निश होतं त्यानं. तो म्हणाला, "भावजी, हे खाऱ्या पाण्यात वीस वर्षं टिकतं, चर्चमध्ये किती टिकेल विचार करा." मी विचार केला. चुकीच्या बाजूनं केला.

सणाला चार दिवस होते. आणि नेमका दुसऱ्या दिवशी दक्षिणेचा वारा सुटला. हा वारा म्हणजे दोरीवरची चादर तीन दिवस ओली, मीठदाणीत पाणी, आणि गावातली निम्मी माणसं विनाकारण एकमेकांशी भांडलेली. मी रोज जाऊन बाकावर बोट लावतोय. आदल्या संध्याकाळी बोट कोरडं आलं. घरी येऊन म्हटलं, "फुमित्सा, वाळलं!" ती म्हणाली, "बसून बघितलंस का?" म्हटलं, "बोट लावून बघितलं." म्हणाली, "लोक बोटावर बसतात का?"

आता हे वाक्य तिनं आदल्या संध्याकाळी बोलायचं की चार दिवस आधी? पण मी ऐकलं नाही. झोपलो.

सणाचा दिवस. चर्च भरलेलं. अठ्ठावीस बाकं अशी चमकतायत की फादर लिबेरो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शाब्बास, झ्वाने." बार्बा नाद्यो मलईच्या सुटात पहिल्या बाकावर ऐसपैस. फुमित्सा जांभळ्या रेशमी झग्यात, भाचीच्या लग्नानंतर पहिल्यांदा बाहेर काढलेल्या. शेवटच्या दोन बाकांवर कॅम्पची अकरा माणसं, ताठ, पांढऱ्या टॉवेलांवर. बायबलमधले पहिले दोन पाठ झाले आणि शुभवर्तमान उभं राहून ऐकायचं म्हणून सगळे उठले, आणि... च्र्र्रर्र. एवढंच. दोनशे माणसांनी एकदम चिकटपट्टी ओढावी तसा आवाज. लोकांनी इकडेतिकडे पाहिलं, म्हणाले उकडतंय, घामानं चिकटलं, हातपंखे हलवले, आणि परत बसले. एकट्या मला कळलं. मी मागे, घंटेच्या दोराशी उभा, आणि खिशातल्या किल्ल्या अशा जड झाल्या की पँट घसरते की काय असं वाटायला लागलं.

मी स्वतःला समजावलं, अजून काही बिघडलं नाही, फादर दहा मिनिटांच्या वर कधी बोलत नाहीत. दहा मिनिटांत काय चिकटणार? आणि फादर प्रवचनाला उभे राहिले आणि म्हणाले, "आजचा विषय आहे, लज्जा आणि वस्त्र." बार्बा नाद्योनं सांगून ठेवलेला विषय! आदाम आणि हव्वेपासून सुरुवात! तुम्हाला सांगतो, आदामाला अंजिराचं पान मिळेपर्यंत बारा मिनिटं झाली. मी खोकलो. मी मेणबत्ती सरळ करायच्या निमित्तानं पुढे गेलो आणि हात हलवले, फादर, आवरा! ते म्हणाले, "बघा, आपला झ्वानेसुद्धा अस्वस्थ झालाय." मी दोन्ही हात जोडले. ते म्हणाले, "बघा, डोळे भरून आलेत त्याचे." अहो, भरून येतील नाही तर काय? आतमध्ये दोनशे गरम माणसं ओल्या व्हार्निशवर शेकतायत आणि फादर अजून मोशेपर्यंत पोचले नाहीत! चाळीस मिनिटं. चाळीस. आणि मागे ही अकरा माणसं, सगळं प्रवचन ज्यांच्यावर रोखलंय तीच माणसं, शांतपणे ऐकतायत, मध्येच वाल्बुर्गाबाई मान हलवतेय, बरोबर बोलतायत म्हणून. अख्ख्या चर्चमध्ये सगळ्यात नीट कपडे घातलेली तीच होती, आणि प्रवचन ऐकत होती तीही बहुतेक एकटीच.

आणि फादर म्हणाले, "आता उठून उभे राहू या, आणि आपली श्रद्धा प्रकट करू या."

कुणी उठलं नाही.

म्हणजे उठायचा प्रयत्न सगळ्यांनी केला हो! वरचं अंग उठलं, खालचं राहिलं. फादर परत म्हणाले, "उठू या." परत सगळे पुढे झुकले आणि परत बसले, समुद्राची लाट किनाऱ्यावर येऊन मागे जावी तसं. मागची अकरा माणसं मात्र पटकन उभी. आणि फुमित्सानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही. तुमचीही लग्नं झाली आहेत.

तोवर बार्बा नाद्यो चिडला. त्यानं पुढचा कठडा दोन्ही हातांनी धरला, दात आवळले आणि जोर लावला. चर्रर्र! बार्बा उठला. पँटची मागची बाजू बाकावरच राहिली. संतापानं तो वळला, म्हणजे जी बाजू गावाकडे होती ती देवाकडे आली... आणि वर गाणाऱ्यांच्या गॅलरीतून कुणीतरी फस्सकन हसलं. साठ वर्षं ज्या माणसाला गाव घाबरलं, तो दोन्ही हात मागे घेऊन तिथे उभा होता. मला सांगायला लाज वाटते, पण मलाही क्षणभर बरं वाटलं. काय करणार, आपण पडलो कापडवाले, दुसऱ्याचं फाटलं की आधी हसू येतं.

वाल्बुर्गाबाईला नाही आलं. ती बाकातून निघाली, आपला लेसवाला टॉवेल उचलला, मधल्या वाटेनं ट्राम चालावी तशी सरळ पुढे गेली, बार्बाच्या कमरेभोवती टॉवेल गुंडाळला, बाजूला गाठ मारली, आणि हे सगळं करताना, नीट ऐका, तिची नजर त्याच्या डोळ्यांवरून एकदाही खाली आली नाही. आणि म्हणाली काय? "तुमच्या अंजिरांना यंदा बहर बरा आहे, नाही?" बार्बा मग हळूच म्हणाला, "बरा आहे. पण पक्षी खातात." "जाळी लावा," ती म्हणाली.

आणि मागून उरलेली दहाजणं, दहा टॉवेल घेऊन, एकेका बाकाशी. कुणी हसत नाही, कुणी खाली बघत नाही. समोरच्याच्या डोळ्यांत बघून कुणी हवेचं विचारतंय, कुणी गुडघेदुखीचं. अहो, लाजलेल्या माणसाशी कसं वागायचं हे त्या माणसांना जसं येतं तसं मी कुठे पाहिलं नाही. आम्ही दोनशे कापडवाले, पिढ्यान् पिढ्या कपडे घालणारे, आम्हाला कुणी हे शिकवलंच नव्हतं. मी धावत जाऊन ऑलिव्ह तेलाचा डबा आणला आणि एकेकाला कडेकडेनं तेल सोडून मोकळं करायला लागलो. टॉवेल संपले. दोन कॅम्पवाले म्हणाले, आम्ही पळत जाऊन आणखी आणतो. पाच मिनिटांचं अंतर. अर्धा तास झाला तरी पत्ता नाही! शेवटी आले, दोनशे टॉवेल, आणि बरोबर मदतीला आणखी सहाजण. उशीर का झाला? तर ते सहाजण टाय बांधत होते. चर्चमध्ये यायचं म्हणून!

आणि आता खरी गोष्ट. सगळे सुटले, टॉवेल गुंडाळून उभे राहिले, आणि बार्बा नाद्योला कंठ फुटला. "थांबा," म्हणाला. "सगळं गाव चिकटलं, मग हे अकरा कसे सुटले? हे टॉवेल घेऊन कसे आले? यांनीच काहीतरी फासलंय बाकांना. सूड घेतला यांनी." आणि गाव काय म्हणतं? "खरंच की." "मलाही तेच वाटत होतं." ज्यांच्या कमरेला त्यांचेच टॉवेल होते, ती माणसं म्हणत होती हो! मी वाल्बुर्गाबाईकडे पाहिलं. ती नुसती हातातले हातमोजे नीट करत उभी राहिली.

मला फक्त गप्प बसायचं होतं. दुसरं काही करायला लागणारच नव्हतं! दोष कॅम्पवर, किल्ल्या माझ्या खिशात, वडिलांचं नाव राखलेलं. आणि कॅम्पवाल्यांचं काय, पुढच्या रविवारी ते दुसऱ्या चर्चला गेले असते, तिथेही टाय लावूनच. मी गप्प बसणारही होतो, खोटं कशाला सांगू? पण ती बाई हातमोज्याचं एकेक बोट सारखं करत होती, आमच्यासाठी घातलेल्या हातमोज्याचं, आणि मी ओरडलोच, "व्हार्निश मी लावलं! बोटीचं! आणि बोट लावून बघितलं!" आणि पुढे जाऊन किल्ल्यांचा जुडगा काढला आणि पहिल्या बाकावर ठेवून दिला. म्हटलं, घ्या.

फादर लिबेरो उचलायला गेले. जुडगा निघेना. तोही चिकटला! तेल लावून काढला हो शेवटी.

त्या दिवशी संत रोकची मिरवणूक निघाली, पुढे संत, मांडीपर्यंत झगा वर केलेले, मागे सबंध गाव कमरेला टॉवेल गुंडाळून, आणि सगळ्यात शेवटी कोट-टाय घातलेले कॅम्पवाले, मान खाली घालून प्रार्थना म्हणत. बंदरावर पर्यटक उभे होते. त्यांच्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "ते मागचे कपड्यातले बघ, ते इथले वाटतात."

संध्याकाळी पंच बसले. किल्ल्या सिल्व्हानोला द्यायच्या, हे नक्की. फादर म्हणाले, "ठीक. पण आधी अठ्ठावीस बाकं खरवडून काढायला हवीत, आणि ज्याच्याकडे किल्ल्या त्यानं ती खरवडायची." सिल्व्हानोनं एका बाकाकडे पाहिलं, मग आपल्या नखांकडे पाहिलं, आणि म्हणाला, त्याला पाठीचा त्रास आहे. मग ठराव झाला. बाकं झ्वानेनं खरवडायची, तोवर किल्ल्या झ्वानेकडे. शेवटचं बाक कोरडं झालं की त्याच दिवशी किल्ल्या सिल्व्हानोला. आणि बार्बा नाद्यो म्हणाला, "बाक कोरडं झालं की नाही, ते मी तपासणार. दुसऱ्या कुणी नाही."

मी खरवडायला बसलो. कॅम्पवाले मदतीला आले, कोपरापर्यंत बाह्या दुमडून, पण टाय सैल केला नाही एकानं. वाल्बुर्गाबाईनं पाच बाकं एकटीनं काढली. बार्बानं तिचा टॉवेल धुऊन, इस्त्री करून माझ्याकडे दिला, वर अंजिरांची परडी. म्हणाला, "तिला दे. आणि मी दिलं असं सांगू नकोस." आणि पुढच्या वसंतात कॅम्पविरुद्ध तक्रार लिहिली, नेहमीप्रमाणे. स्वभाव कुठे जातो?

सत्तावीस बाकं त्याच हिवाळ्यात झाली. शेवटचं राहिलं ते त्याचं, पहिल्या रांगेतलं. तेही ईस्टरच्या आधी झालं, मी स्वतः दोन तास त्यावर बसून बघितलं, या वेळी बोटानं नाही. रविवारी बार्बा आला, बाकावर तळहात फिरवला, दाबला, नाकाशी नेऊन वास घेतला, आणि सगळ्या चर्चला ऐकू जाईल असं म्हणाला, "ओलं आहे अजून." आणि त्याच बाकावर ऐसपैस बसला.

याला सहा वर्षं झाली. दर रविवारी येतो, तळहात फिरवतो, म्हणतो "ओलं आहे", आणि त्यावरच बसतो. सिल्व्हानो वाट बघून बघून लग्न करून त्रिएस्तला गेला. गेल्या रविवारी शेवटी मीच न राहवून म्हटलं, "बार्बा, सहा वर्षं झाली. वाळलं असेल आता." तर माझ्याकडे असं बघितलं त्यानं, आणि म्हणाला, "झ्वाने, व्हार्निशमधलं तुला कळतं की मला?"

आता यावर मी काय बोलणार? व्हार्निशमधलं मला काही कळत नाही, हे तर सगळ्या गावाला माहीत आहे.